सोमवारी सुट्टी घेणारी साखर

सोनीबाईंच्या साखरेबद्दल ज्याला काहीच म्हणायचं नाही, असा माणूस मला जुन्नरात अजून भेटायचाय. मीही त्यातून सुटलो नाही. मेडिकलच्या काउंटरमागे जो उभा राहतो तो अर्धा डॉक्टर, असं आमच्या गल्लीनं ठरवून टाकलंय, आणि गल्लीचा मान राखायचा तर अधूनमधून सल्ला द्यावाच लागतो. माझ्या सल्ल्याचं काय झालं ते पुढं सांगतो. न सांगून चालणार नाही, कारण सोनीबाई ते साऱ्या गल्लीला आधीच सांगून बसल्यात.

सोनीबाई गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांत एकट्या राहतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, एकुलता एक भरत चाकणला कंपनीत. माहेर मेंढपाळांचं. लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलं, आणि अजूनही त्या रस्त्यानं निघाल्या की पुढच्या माणसाला आपोआप बाजूला व्हावंसं वाटतं. गेली अठरा वर्षं त्या घोडेगाव रस्त्यावरच्या रामनाथच्या हॉटेलात बाजरीच्या भाकरी करतात. पुण्यामुंबईची माणसं गाडी थांबवून मासवडी-रस्सा मागतात, फोटो मासवडीचा काढतात आणि पुढच्या खेपेला परत येतात ते भाकरीसाठी. रामनाथनं हे बाईंसमोर कधी कबूल केलं नाही. केलं असतं तर बाईंनी गल्ल्यावर बसून त्यालाच पीठ मळायला लावलं असतं.

फेब्रुवारीत घोडेगावला डोळ्यांचं शिबिर झालं, तिथं बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा तर पिकूनच गेलेला. ऑपरेशन करायला डॉक्टर तयार होते, पण उपाशीपोटी साखर निघाली दोनशे चौसष्ट.

"दीडशेच्या आत आणा, मग डोळ्याला हात लावतो," डॉक्टर म्हणाले. "मेच्या शेवटी पुन्हा तपासू."

हे ऐकून भरतनं चाकणहून फोनवर आपला निकाल दिला. साखर उतरली तर ठीक, ऑपरेशन होईल. नाही उतरली तर मेच्या शेवटी आईनं सामान बांधायचं आणि चाकणला यायचं. दिसत नसताना चुलीपाशी बसवून ठेवायची त्याची तयारी नव्हती. पोराचं चुकत नव्हतं. पण सोनीबाई चाकणला एकदा आठ दिवस राहून आल्या होत्या.

"चौथा मजला," त्या मला सांगत होत्या. "सकाळी दोघं कामाला गेली की दार बंद. मग मी आन् टीव्ही. टीव्हीतल्या बाया हिंदीत रडत्यात, मी मराठीत आयकते. त्यापरीस मेंढराच्या वाघरात, जाळीत कोंडलं असतं तर बरं व्हतं, चार जनावरं तरी सोबतीला असती."

म्हणजे गोष्ट अशी होती : तीन महिन्यांत साखर दीडशेच्या आत, नाहीतर चूल सुटली. एवढं कळल्यावर माणूस जे करतो ते बाईंनी केलं. चार जाणत्यांना विचारलं. आमच्याकडं जाणते चार असतात आणि न विचारता सांगणारे चाळीस.

जुन्नरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि भात बंद केला. भाकरी खा म्हणाले. शिबिरात आलेल्या आहारवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या की भाकरीसुद्धा धान्यच आहे, तीही अर्धीच; भात मात्र शिजवून थंड केलेला असेल तर थोडा चालेल. भरतनं नाचणीचं पीठ पाठवलं. त्याची बायको वृषाली फोनवर म्हणाली, "आई, धान्यच सोडा. कुठलंच नको. मी व्हिडिओ पाठवलाय." व्हिडिओत एक दाढीवाला तरुण तुपात तळलेली अंडी खाऊन दाखवत होता. गल्लीतल्या एका आजोबांनी कारल्याचा रस सांगितला, दुसऱ्यांनी कारल्यानं मूत्रपिंड जातं म्हणून सांगितलं, आणि दोघं त्यावरून आठ दिवस बोलत नव्हते. आठवडे बाजारात एका पावडरवाल्यानं गोळ्या बंद करून चमचाभर कडू भुकटी घ्यायला सांगितली. त्याला मात्र बाईंनी तिथंच विचारलं, "तुजी साखर किती?" तो म्हणाला, मला साखर नाही. "मग तुला काय ठावं रं," म्हणून त्या पुढं निघाल्या.

आता माझं पाप. मी त्यांना शुगर फ्री बिस्किटं दिली. दुधाच्या चहाबरोबर दोन खा म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या पाच पुडे मागायला आल्या.

"मावशी, अहो एवढी कुठं?"

"ऋषा, त्यात साखरच न्हाई म्हणलास ना?"

"साखर नाही, पण मैदा आहे की."

"मग पुड्यावर मैद्याचं का न्हाई लिवलं मोठ्या अक्षरात? लिव्हायला शाई संपली का?"

लिहिलेलं होतं. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात. मोतीबिंदू नसलेल्यालाही दिसू नये अशी सोय केलेली.

मार्च असा गेला. बाई जे कुणी सांगेल ते प्रामाणिकपणे करत होत्या, म्हणजे सोमवारी एकाचं, मंगळवारी दुसऱ्याचं. ताटातली एकेक गोष्ट उठत गेली. एकदा मला म्हणाल्या, "एकानं भात काढला, एकीनं भाकरी काढली, एकानं फळ काढलं, तुज्या बिस्किटानं चहा काढला. आता ताट तेवढं ऱ्हायलंय. ते चालंल का इचार कुणाला तरी."

आणि महिन्याच्या शेवटी तपासलं तर दोनशे एकाहत्तर. सातनं वाढलेली.

मग वृषालीनं नवा व्हिडिओ पाठवला. सोळा तास उपाशी राहायचं, आठ तासांत काय ते खायचं. बाईंना हे पटलं. उपास त्यांच्या हातचा मळ. आयुष्यात त्यांनी जेवढे उपास केले तेवढ्यात दोन देव प्रसन्न झाले असते. सकाळी सातला त्यांनी नेहमीप्रमाणे गोळी घेतली, कारण गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि बारापर्यंत काही खायचं नाही, कारण व्हिडिओत तसं होतं. दोन्हीकडचं नेमकं पाळलं. अकरा वाजता रामनाथच्या हॉटेलात चुलीपुढं त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि तव्यावरची भाकरी दिसेनाशी झाली. शेजारी कांदा चिरणारी पुष्पा मोठी हुशार पोरगी. तिच्या सासऱ्यालाही साखर. तिनं तोंडात गुळाचा खडा कोंबला, वर साखरेचं पाणी पाजलं. रामनाथ मोटारसायकलवर मध्ये बाईंना आणि मागं पुष्पाला बसवून जुन्नरला घेऊन आला. माझ्याकडं मोजली तेव्हा गूळ पोटात जाऊनही एकाहत्तर होती.

डॉक्टर फार चिडले. "गोळी घेऊन उपाशी राहतात का? उलटं व्हायचं काहीतरी. पुन्हा असलं काही केलंत तर माझ्याकडं येऊ नका."

बाई दवाखान्यातून थेट माझ्या काउंटरला आल्या. स्टुलावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि मला म्हणाल्या, "भरतला फोन लाव. आवाज मोठा कर."

फोन लागला. पलीकडं भरत, त्याच्यामागं वृषाली.

"आये, काय झालं? रामनाथदादाचा फोन आलता."

"काय न्हाई झालं. आता आयक. आजपास्नं मला कुणी काय सांगायचं न्हाई. तू न्हाई, तुज्या बायकूनं न्हाई, ह्या ऋषानं न्हाई. डाक्टर सांगंल ती गोळी घीन. बाकी माजं मी बघंन."

"अहो, पण आई," वृषाली म्हणाली, "तुम्हाला कसं कळणार?"

"तुमाला कळलं का?"

उत्तराची वाट न बघता त्या फोनवर आणखी वाकल्या.

"येका मेंढराला दहा जणांनी दहा पाला घातला, तर मरतं ते मेंढरू. आन् मेल्यावर दहाबी म्हणत्यात, आमच्या पाल्यानं जगलं असतं. मला तसलं मेंढरू न्हाई व्हायाचं. ठेव."

ठेव म्हणाल्या, पण बंद करायचं बटण त्यांना दिसेना, म्हणून ते मी दाबलं. हे वृषालीला कळलं असतं तर बरं झालं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक केलं. रोज सकाळी साडेसातला, पोटात काही घालायच्या आधी, माझ्या काउंटरला यायचं, बोट पुढं करायचं आणि आकडा ऐकायचा. मशिनवरचा आकडा त्यांना वाचता येत नव्हता. मी तो भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचो. तोंडातून सल्ल्याचा स सुद्धा काढायचा नाही, अशी अट. मग घरून आणलेली भाजी आणि एक भाकरी तिथंच स्टुलावर बसून खायची, गोळी घ्यायची आणि हॉटेलची जीप पकडायची. संध्याकाळीही एकच भाकरी, भाजी, ताक, गुरुवारी वर वाटीभर भात. रोज तेच. मेथी असेल तर मेथी, नाहीतर गवार, पण माप तेच. "रोज येकच चारा घातल्याबगर काय बाधलं ते कळत न्हाई," एवढंच स्पष्टीकरण मिळालं.

दहा-बारा दिवसांनी एका मंगळवारी आकडा आला एकशे एकोणसाठ. मला वाटलं पट्टी खराब आहे. दुसरी लावली. एकशे बासष्ट.

"काल किती व्हती?"

"दोनशे पंचाहत्तर."

"आन् मागल्या मंगळवारी?"

कॅलेंडर बघितलं. एकशे एकाहत्तर. आणि त्या आधीचा सोमवार, दोनशे ऐंशी. इतर वारी दोनशे वीस ते दोनशे पन्नासच्या दरम्यान. सोमवारची सकाळ सगळ्यांत वाईट आणि मंगळवारची सगळ्यांत चांगली. मी वाचून दाखवलं तशा त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"हाटेल सोमवारी बंद असतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हंजी माजी साखर सोमवारी सुट्टी घेती."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

"माजा बा व्हता ना, यमाजी, त्याच्याकडं मेंढरू फुगलं की आसपासचे धावत यायचे. हे पाज, ते लाव. बा कुणाचं आयकायचा न्हाई. आधी येकच इचारायचा, काल कुठं चरलं? रानात फिरून बघून यायचा. निम्म्या वेळंला औषिदच लागायचं न्हाई, रान बदललं की झालं."

"मग मावशी, तुम्ही हॉटेलात काय खाता?"

अट मोडली होती, पण हा सल्ला नव्हता, प्रश्न होता. त्यांनी चालवून घेतलं.

"हाटेलात मी जेवतच न्हाई. अठरा वर्सांत रामनाथच्या हाटेलात ताटावर बसले न्हाई. इचार त्याला."

त्या खोटं बोलत नव्हत्या. एवढ्या ठामपणे की मी बावळटासारखा चुलीच्या उष्णतेनं साखर वाढते का, ते फोनवर शोधायला लागलो. त्या निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. मग जीपचा हॉर्न वाजला आणि गेल्या.

पुढचं मला पुष्पानं सांगितलं, आणि थोडं रामनाथनं.

रामनाथच्या चुलीवर एक रीत आहे. तशी ती सगळ्याच चुलींवर असते. भाकरी धड निघाली तर गिऱ्हाइकाच्या ताटात. थापताना कड फाटली, उलटताना मोडली, आहारावर, म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यांवर करपली, तर ती करणारीची. तिनं तिथंच चुलीपाशी मिठाबरोबर, चटणीबरोबर, जमेल तशी दोन भाकरींच्या मध्ये तोंडात टाकायची. अन्न टाकायचं नाही. आणि तोंडात गेलेली भाकरी मोजायची नाही, कुणाचीच. खाणाऱ्याची भाकरी मोजणं म्हणजे त्याच्या पोटावर नजर लावणं. गिऱ्हाइकाची मोजतात, कारण त्याचं बिल करायचं असतं. घरच्या माणसाची मोजली तर भांडण होतं. त्यामुळं ताट नाही, पाट नाही, मोजदाद नाही, तेव्हा ते जेवण नाही. सोनीबाई हॉटेलात जेवत नव्हत्या हे त्यांच्या हिशेबानं सोळा आणे खरं होतं.

पूर्वी दिवसाला एखाददुसरी भाकरी फाटायची. डोळा पिकत गेला तशा जास्त फाटायला लागल्या. बाई पिठाला नावं ठेवायच्या. पिठाची विरी गेली, चिकटपणाच नाही, गिरणीवाला जुनी बाजरी देतो. गिरणीवाल्याशी दोनदा भांडूनही आल्या होत्या. आणि फाटलेली भाकरी रामनाथच्या नजरेला पडायच्या आत संपवत होत्या. त्यानं ती बघितली असती तर बाईंना दिसत नाही हे त्याला कळलं असतं, आणि मग चाकणच्या आधी रामनाथनंच त्यांना उठवलं असतं. म्हणजे दिसत नाही म्हणून भाकरी फाटायची, फाटली म्हणून पोटात जायची, पोटात गेली म्हणून साखर चढायची, आणि साखर चढली म्हणून डोळा व्हायचा नाही. घाण्याचा बैलसुद्धा यापेक्षा कुठंतरी पोचतो.

त्या आठवड्याचा रविवार. मेच्या सुट्टीची गर्दी, रस्त्याच्या दोन्ही अंगाला गाड्या. बाईंनी आल्या आल्या पुष्पाला एक रिकामी दुरडी मागितली आणि उजव्या हाताशी ठेवली. जी फाटेल ती दुरडीत. एक घास तोंडात नाही. पुष्पा म्हणाली, "मावशी, आज उपास हाय का?" बाई म्हणाल्या, "तू कांदा चीर."

दुपारी साडेतीनला गर्दी ओसरली. बाईंनी दुरडी पुढ्यात ओढली आणि हात घालून एकेक भाकरी चाचपली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटं अठरा वर्षं तेच करत होती.

"किती गं?" त्यांनी पुष्पाला विचारलं.

"मावशी, मोजायच्या?"

"मोज."

पुष्पानं मोजल्या. सहा. पूर्ण सहा नाहीत, कुणाची कड गेलेली, कुणी मधून दुभंगलेली, पण जुळवल्या तर सहा धड भाकरी. रामनाथच्या हॉटेलातली भाकरी म्हणजे ताट झाकेल एवढी. बाई पदर खोचून उठल्या, दुरडी कमरेवर घेतली आणि सरळ गल्ल्याकडं चालत गेल्या.

रामनाथ फोनवर बोलत होता. समोर दोन टेबलं अजून भरलेली होती. बाईंनी दुरडी गल्ल्यावर ठेवली.

"ह्या काय?" रामनाथ म्हणाला.

"तुज्या हाटेलात आज मी मोडलेल्या भाकरी. आजच्या हायत, रोज अशाच असत्यात. मला दिसत न्हाई, म्हणून मोडत्यात. गिरणीवाल्याचा काय गुन्हा न्हाई."

रामनाथनं फोन ठेवला. "एवढ्या? मावशी, मग आजवर..."

"आजवर खाल्ल्या. आता न्हाई खायाच्या. आता तुज्या हाटेलातली फुटकी भाकरी माज्या पोटात जाणार न्हाई. तू कायबी कर तिचं."

"अहो, हळू बोला, गिऱ्हाईक हाय."

"हळू बोलून अठरा वर्सं खाल्ल्या."

रामनाथ वाईट माणूस नाही. पण हॉटेलवाला आहे. त्यानं दुरडीकडं बघितलं, टेबलांकडं बघितलं, आणि जे मनात आलं ते बोलून गेला. "मग मावशी, असं करू. उद्यापास्नं तुमी घरी आराम करा. डोळ्याचं झालं की बघू. तोवर पुष्पा बसंल तव्यावर."

हे ऐकायला लागू नये म्हणूनच बाई इतके दिवस खात होत्या. आता ऐकून झालं होतं, आणि पुष्पाच्या म्हणण्याप्रमाणं, ऐकल्यावर त्या उलट जास्तच ताठ झाल्या.

"उद्या सोमवार हाय. हाटेल बंद हाय. परवा बसव पुष्पाला. बस गं पुष्पा. आन् थापून दाखव."

पुष्पा लांबूनच म्हणाली, "मला न्हाई थापता येत तशी. माजी जाड व्हती."

"आयकलंस? आता माजं आयक. थापायला डोळा लागत न्हाई, हात लागतो. मोडती ती उलटताना आन् आहारावर टाकताना. थापून मी तव्यावर टाकीन, पुढचं पुष्पा करंल. तरीबी येखादी फुटली तर ती चुरून वाटीत घाल आन् रश्श्याबरं पुढं ठेव. पावणं आख्खी भाकरी मागत्यात आन् रश्श्यात चुरूनच खात्यात. तुजा पोरगा तर मुठीनं कुस्करतो. चुरल्यावर कुणाला कळतंय, धड व्हती का फुटकी?"

"हाटेलाची इज्जत ऱ्हाईल का मावशी?"

"तुजी इज्जत माज्या पोटात ठिवायला जागा न्हाई आता."

जवळच्या टेबलावर पुण्याकडचं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजी मघापासून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, ती चुरलेली द्या बरं मला. माझे दात गेलेत, मला कुस्करायचा त्रास वाचेल." रामनाथनं स्वतः दुरडीतली भाकरी चुरून वाटी नेऊन ठेवली. त्या आजींनी पैसे किती म्हणून विचारलं तेव्हा रामनाथला आकडा सुचेना. बाई तिकडं बघायलाही थांबल्या नाहीत. चुलीतला आहार सारखा करायला गेल्या.

मंगळवारपासून तशी व्यवस्था लागली. सगळीच सुरळीत लागली असं नाही. पहिले दोन दिवस पुष्पानं निम्म्या भाकरी करपवल्या आणि बाईंच्या तोंडाचा पट्टा चालू राहिला. चुरलेल्या भाकरीची वाटी काहीजण मागून घ्यायचे, काहीजण नाक मुरडायचे. उरलेलं पुष्पाची शेरडं खायची. रामनाथ आठ दिवस बाईंशी नीट बोलला नाही, मग बोलायला लागला, कारण बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही.

आणि कॅलेंडर बदललं. दोनशे दहा. एकशे ब्याण्णव. एकशे सत्तर. सोमवार आणि मंगळवार यांच्यातला फरक कमी कमी होत गेला. एका सकाळी एकशे अठ्ठावीस आली तेव्हा मीच डॉक्टरांकडं पाठवलं, कारण खाणं कमी झाल्यावर गोळी तेवढीच ठेवली तर पुन्हा तो घाम फुटायचा. डॉक्टरांनी कॅलेंडराचं पान उलटसुलट बघितलं, संध्याकाळची गोळी अर्धी केली आणि म्हणाले, "भात बंद केल्याचा गुण आला बघा." बाई म्हणाल्या, "आसंल." त्यांनी मार्चपासून दर गुरुवारी वाटीभर भात खाल्ला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही. आम्हाला काउंटर चालवायचाय.

श्रेयाचं म्हणाल तर त्याला रांग लागली. वृषालीच्या मते उपासाचा परिणाम उशिरा दिसतो. भरतच्या मते नाचणी. ते पीठ डब्यात तसंच होतं, किडे पडलेलं. कारल्यावाले आजोबा आणि कारलेविरोधी आजोबा दोघंही आपापल्या बाजूनं खूश होते आणि पुन्हा एकमेकांशी बोलायला लागले होते. मलाही क्षणभर वाटलं, की कॅलेंडरची कल्पना तशी माझीच होती. नव्हती.

मेच्या शेवटी घोडेगाव. भरत सुट्टी काढून आला होता, हातात आईची पिशवी. गाडीत सामान बांधायला दोरी आणली होती त्यानं, मी बघितली. मी आलो होतो कारण बाई म्हणाल्या, आकडा दुसऱ्या कुणी वाचलेला मला पटत न्हाई. नर्सनं बोट टोचलं. एकशे एकोणचाळीस.

"दीडशेच्या आत," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. भरतनं आकडा स्वतः वाकून वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

"मग आये, चाकण?"

"येईन की. दिवाळीला. चार दिस. ती दोरी ठिवून दे, पुष्पाला शेरडं बांधायला व्हईल."

डॉक्टरांनी त्यांचा कागद बघितला. फेब्रुवारीतला आकडा, आजचा आकडा. "बाई, छान. काय केलंत? कुठला डाएट?" त्यांनी विचारलं आणि बाकावर बसलेल्या पंधरा-वीस जणांच्या माना एकदम वळल्या. सगळ्यांचे डोळे पिकलेले, सगळ्यांची साखर चढलेली. एका बाईनं तर ऐकू यावं म्हणून पदर कानामागं सारला.

मला वाटलं आता सांगतील. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच एवढी माणसं त्यांचा सल्ला ऐकायला टपून बसली होती.

"मी काय सांगायची न्हाई," बाई म्हणाल्या. "मला सांगणाऱ्यांनीच मारायला घेतलं व्हतं. ज्याचं पोट त्यानं बघावं."

डॉक्टर हसले आणि आत गेले. बाकावर कुजबुज झाली. मोठी घमेंडखोर बाई दिसती, असं कुणीतरी म्हणालं. बाईंनी ते ऐकलं आणि ऑपरेशनआधी काढायची म्हणून कानातली फुलं भरतच्या हातात दिली.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, कुशाबा म्हणून, डोंगराकडच्या गावचे. गुडघ्यावर टोपी. ते हळूच म्हणाले, "बाई, माजी दोनशे नव्वद हाय. परत धाडत्यात मला. काय तरी सांगा की."

"काल काय खाल्लं?"

"काय न्हाई वो. दोन वखताचं जेवाण. आमी साधी माणसं."

"जेवाण न्हाई इचारत. जेवाण सोडून काय खाल्लं, ते सांगा."

"जेवाण सोडून कायबी न्हाई."

"आठवा."

म्हातारबांनी टोपी फिरवली. "सकाळी दळणाला गेलतो. तिथं च्या. मग सोसायटीत मीटिंग व्हती, तिथं च्या आन् पेढा. नातीनं हातात लाडवाचा तुकडा दिला, लेकराचं मोडता येत न्हाई. मग देवळात सकाळच्या भजनाचा परसाद..." ते थांबले. बोटांवर मोजत ते चौथ्यावर आले होते. "ते धरायचं व्हय?"

आतून नर्सनं सोनीबाईंचं नाव पुकारलं. बाई उठल्या. भरतनं आधाराला धरलेला दंड त्यांनी सोडवून घेतला आणि भिंतीला हात लावत दाराकडं निघाल्या.

"आठवत बसा," त्या जाता जाता कुशाबांना म्हणाल्या. "अजून कालची दुपार व्हायाचीय तुमची."